सहा प्रीअँप, एक काटा

३ नोव्हेंबर, सोमवार

सहावा प्रीअँप काल पूर्ण झाला. सहाही चालू. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी बाभुळगावात जेवणाच्या टेबलावर बसून माणूस सहा प्रीअँप तयार करतो, याची गावात कुणी दखल घेतलेली नाही. घरातही नाही. रत्नप्रभाने फक्त टेबल कधी मोकळं होणार एवढं विचारलं. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोकडून याहून जास्त अपेक्षा नव्हतीच.

पुढे गोंधळ नको म्हणून इथे लिहून ठेवतो. माइकमधून आवाज निघतो तो अगदी क्षीण. रेकॉर्डरला कळेल इतका तो मोठा करायचा, हे प्रीअँपचं काम. फार मोठा केला तर आवाज फाटतो, कमी ठेवला तर नुसती खरखर. किती मोठा झाला ते सांगायला काट्याचा मीटर. माझ्याकडे मीटर एकच आहे. जुना, काचेचा, देखणा. एक फिरता स्विच लावून तो सहांपैकी हव्या त्या प्रीअँपला जोडायचा. झालं.

अनिमेषचा बंगलोरहून फोन. मुलगा इंजिनियर झाला की बापाला काही येत नाही असं त्याला वाटायला लागतं. म्हणे, बाबा, प्रत्येक चॅनलला निदान एक लाल दिवा तरी लावा, आवाज हाताबाहेर गेला की पेटेल. मी म्हटलं, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझ्या टेस्ट डेस्कवर एकच मीटर होता आणि लाइनी दोन हजार. तर म्हणतो, बाबा, तुम्ही त्या दोन हजार लोकांचं बोलणं एकाच वेळी रेकॉर्ड करत नव्हता. हा मुद्दा गैरलागू आहे. फोन ठेवल्यावर तसं त्याला सांगायचं सुचलं.

निश्चय: मीटर एकच राहील.

४ नोव्हेंबर

हे सगळं कशासाठी, तेही लिहून ठेवायला हवं.

देवसिंग माझ्या हाताखाली तीस वर्षं लाइनमन होता. गावापासून चार किलोमीटरवर बंजारा तांड्यात राहतो. त्याची आई मानीबाई. वय ऐंशीच्या आसपास, नक्की कुणालाच माहीत नाही. त्यांना ढावलो येतात, म्हणजे लग्नात नवरी माहेर सोडताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते ती गाणी. आता मुली तशा गात नाहीत, डीजे असतो. देवसिंगची मुलगी उज्ज्वला यवतमाळला कॉलेजात शिकवते. ती म्हणते, इतकी ढावलो येणारी बाई आसपासच्या तांड्यांत दुसरी उरली नाही.

आणि मानीबाईंच्या गळ्यात गाठ निघाली आहे. देवसिंग सांगत होता, "नागपूरले दाखवाले गेलतो साहेब. गाठ काढाच लागते म्हणते. आवाजाचं काही सांगता येत नाही म्हणते डॉक्टर." ऑपरेशन दहा डिसेंबरला.

उज्ज्वला यवतमाळच्या एका स्टुडिओवाल्याला बोलावणार होती. मी नको म्हटलं. घरचा माणूस असताना परका कशाला. तिला शब्द दिला की तीस नोव्हेंबरला, रविवारी, सहा माइकवर संपूर्ण रेकॉर्डिंग होईल. ती म्हणाली, काका, दादी एकटीच गाते, सहा माइक कशाला? मी म्हटलं, प्रीअँप सहा आहेत.

६ नोव्हेंबर

फिरता स्विच बसवला. उत्तम चालतो. फिरवला की रेकॉर्डिंगमध्ये टक्क असा आवाज येतो. कारण शोधून काढलं. हा स्विच पुढचं घर धरल्याशिवाय मागचं सोडत नाही. त्यामुळे क्षणभर दोन प्रीअँप एकमेकांना चिकटतात. दुकानदाराने चुकीचा दिला. चिठ्ठीवर मीच तसा लिहिला होता, पण इतकी वर्षं दुकान चालवणाऱ्या माणसाने विचारायला नको?

टक्क हा दोष मानायचा नाही असं ठरवलं आहे. नंतर ऐकताना मी मीटर कुठे फिरवला त्याची खूण राहील.

९ नोव्हेंबर, रविवार

रत्नप्रभाला माइकसमोर बसवलं. काय बोलू, म्हणाली. म्हटलं, काहीही बोल, मला काटा बघायचा आहे. तर तिने लग्नापासून मी घरात केलेल्या इलेक्ट्रॉनिक कामांची यादी सुरू केली. आपोआप बंद होणारा पंप, जो झाला नाही. देवघरातली समई, जिच्यात मी सेन्सर बसवला होता. शेजारच्यांच्या टीव्हीचं काय झालं ते. पस्तीस मिनिटं थांबली नाही. पातळी अतिशय स्थिर. माइकसाठी आवाज चांगला आहे तिचा.

परंतु एक विचित्र गोष्ट. मीटर तिच्या प्रीअँपवर आणला की आवाज घोगरा होतो, काढला की स्वच्छ. म्हणजे ज्याच्यावर लक्ष ठेवावं तोच बिघडतो. रत्नप्रभाला सांगितलं तर म्हणाली, "तुमच्या ऑफिसातही असंच व्हायचं, असं देवसिंग भाऊजी सांगत होते."

देवसिंगशी यावर बोलावं लागेल.

११ नोव्हेंबर

अनिमेषच्या मते मीटर थेट आवाजाला लटकवला की त्याचं ओझं आवाजावर पडतं. मध्ये एक छोटं सर्किट हवं, त्याला बफर म्हणतात, आणि स्विचच्या प्रत्येक घराला एकेक रेझिस्टर. मला ते माहीत होतं. आधी साधं करून बघावं म्हणून बाजूला ठेवलं होतं. आज बसवलं. घोगरेपणा गेला, टक्कही गेला. ही सुधारणा संपूर्ण माझी आहे, कारण सोल्डरिंग मी केलं.

टक्क गेल्याचं थोडं वाईट वाटलं. खूण चांगली होती.

१४ नोव्हेंबर

काल आंघोळ करताना कल्पना सुचली. स्विचच नको. सहा डायोड लावायचे आणि सहाही आवाज एकदम मीटरकडे न्यायचे. जो सगळ्यांत मोठा, त्याला काटा दाखवेल. माणसाने फिरवायचं काही नाही. दिवसभर बसून केलं. जेवलो नाही.

संध्याकाळी देवसिंग आला. एका माइकवर तो, एकावर मी, बाकीचे घरभर ठेवले. काटा थेट लाल पट्टीत जाऊन बसला. हालेना. मी गप्प बसलो, काटा तिथेच. देवसिंग गप्प बसला, काटा तिथेच. वीस मिनिटांनी कळलं की स्वयंपाकघरात रत्नप्रभा मिक्सरवर शेंगदाण्याचं कूट करते आहे आणि पाच नंबरचा माइक ओट्याजवळ आहे.

देवसिंग विचार करून म्हणाला, "म्हणजे साहेब, कोणतरी बोंबलून राह्यलं एवढं समजते. कोण बोंबलून राह्यलं ते नाही समजत."

म्हटलं, बरोबर.

"मग एवढं त आपल्याले कानानंबी समजते."

देवसिंगला तांत्रिक शिक्षण नाही. तरी डायोड काढले. स्विच परत लावला. माघार म्हणता येणार नाही, जिथे होतो तिथेच आहे.

१८ नोव्हेंबर

उज्ज्वला कॉलेज सुटल्यावर आली. चहा घेतला. प्रीअँपचा डबा बघितला. मी पुढच्या पत्र्याला हिरवा रंग दिला आहे, आकडे पांढऱ्या रंगाने हाताने काढले आहेत. एक मानीबाई. दोन आणि तीन साथीच्या बाया. चार निवेदन, म्हणजे मी. पाच थाळी. सहा नगारा. रेकॉर्डर नागपूरहून सेकंडहँड आणला, आठ ट्रॅकचा. त्याची स्क्रीन बंद आहे, बाकी ठणठणीत. स्क्रीनची गरजही नाही, माझा मीटर आहे.

ती बराच वेळ हिरव्या पत्र्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, काका, रागावू नका, पण एक दिवस आधी येऊन तालीम करून बघायची का? मी म्हटलं, मानीबाईंना दोनदा कशाला रडवायचं. मग म्हणाली, तो स्टुडिओवाला नुसता सोबत आला तर? एका कोपऱ्यात बसेल. मी काहीच बोललो नाही. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तिला कळला. हुशार मुलगी आहे.

जाताना विचारलं, हेडफोन आहे ना? म्हटलं, समोर काटा दिसत असताना कानात बोळे घालून बसायची गरज नाही. एक्स्चेंजमध्ये आम्ही काट्यावर विश्वास ठेवत होतो.

निश्चय: तीस तारखेपर्यंत अनिमेषचा फोन आला तर फक्त हवापाण्याचं बोलायचं.

२५ नोव्हेंबर

देवसिंगचा फोन. साथीच्या दोन्ही बाया येणार नाहीत, कापूस वेचणी सुरू आहे. नगारावालाही वेचणीला. थाळी वाजवणारा वणीला खाणीत ट्रकवर आहे. आणि मुळात ढावलोला थाळी-नगारा लागतच नाही, असं त्याने आज सांगितलं. महिनाभर बोलला नाही.

तरी सहाही माइक लावायचे. खोलीचं वातावरण पकडता येईल.

३० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ७

झालं. आणि काय झालं! आयुष्यात एवढं समाधान एकदाच वाटलं होतं, चारशे लाइनींचा केबल फॉल्ट भर पावसाळ्यात शोधला तेव्हा. सविस्तर लिहितो.

सकाळी नऊला तांड्यावर पोचलो. रत्नप्रभाही आली. देवसिंगने पुढची खोली सारवून ठेवली होती, पंखा बंद केला होता, कोंबड्या हाकलल्या होत्या. कोंबड्या परत आल्या. मानीबाई गोधडीवर बसल्या होत्या. बारीक चण, गळ्याला डाव्या बाजूला गाठ स्पष्ट दिसते. मला म्हणाल्या, "साहेब, एवढे भोंगे कायले?" मी सहा माइकचं तत्त्व समजावून सांगितलं. त्यांनी देवसिंगकडे बघितलं. देवसिंगने जमिनीकडे.

मी टेबल टाकून दारापाशी बसलो, त्यांच्यापासून आठ-दहा फुटांवर. समोर मीटर, बाजूला माझा निवेदनाचा माइक. आधी मीटर चारवर घेऊन माझी पातळी ठरवली आणि प्रास्ताविक केलं. वीस मिनिटं झालं. तांड्याचा इतिहास, दळणवळणाचं महत्त्व, टेलिफोन खात्याचं या भागातलं काम. काटा अगदी हवा तिथे नाचत होता. उज्ज्वला दोनदा घड्याळाकडे बघताना दिसली, पण प्रास्ताविकाशिवाय अशा गोष्टींना वजन येत नाही.

मग मानीबाईंनी पदर डोळ्यांवर ओढला आणि सुरू केलं.

मी हे कसं लिहू कळत नाही. मला त्यांची बोली निम्मी समजते. पण पहिल्याच ओळीला रत्नप्रभाने माझा हात धरला, जो तिने बऱ्याच वर्षांत धरला नव्हता. गाणं आणि रडणं यात फट नव्हती. उज्ज्वला हळू आवाजात अर्थ सांगत होती. नवरी बापाला विचारते, मी एवढी जड झाले का, की तू मला आजच उचलून देतोस. मग आईच्या गळ्यात, मग भावाच्या, मग गोठ्यातल्या गाईच्या. मी "वा" म्हटलं. निघून गेलं तोंडातून. खऱ्या गाण्याला दाद मिळायलाच हवी.

तांत्रिक बाजू. माझ्या बोलण्याला काटा चांगली उडी मारायचा, मानीबाईंच्या गाण्याला मात्र जेमतेम थरथरायचा. वय झालं, आवाजात जोर नाही. म्हणून एक नंबरचा नॉब मी वाढवत गेलो. तरी काटा वर येईना. शेवटी तो पूर्ण उजवीकडे नेऊन ठेवला. तेव्हा कुठे जीव शांत झाला. देवसिंगला दोन-चारदा दाखवलं, बघ, काटा बघ, कसा सांभाळला आहे.

मधे मानीबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "साहेब, तुमाले काही सांगाचं हाय काय? थांबू काय मी?" मी म्हटलं, नाही नाही, चालू द्या. मधे पुन्हा एकदा तेच. एका गाण्याआधी म्हणाल्या, "हे मले माह्या याडीनं शिकवलं. याच्या बाद मी तिले पाह्यलं नाही." याडी म्हणजे आई. आणि ते गायल्या. तीन तासांत चौदा गाणी.

निघताना उज्ज्वलाने विचारलं, काका, एखादं ऐकून बघू या का? मी म्हटलं, दादी थकल्या आहेत. आणि काटा मी स्वतः बघितला आहे.

१ डिसेंबर

विश्रांती. उज्ज्वलाचा मेसेज: ऐकलं का? केलेलं काम लगेच ऐकायची घाई नवखे लोक करतात. मन शांत झाल्यावर ऐकावं.

३ डिसेंबर

उज्ज्वलाचा फोन. ऐकलं का? म्हटलं, उद्या. आज टेबल साफ केलं. रत्नप्रभा टेबलावर जेवायला बसली. बऱ्याच दिवसांनी समोरासमोर बसलो. तीही म्हणाली, ऐकून टाका एकदा.

४ डिसेंबर, दुपारी

ट्रॅक एक लावला.

शेतात जुना पंप पाण्याऐवजी चिखल ओढायला लागला की जसा आवाज येतो, तसा आवाज. त्यात कुठेतरी मानीबाई आहेत. शब्द नाही, सूर नाही. तीन तास.

कारणं: १. तांड्यावरचं व्होल्टेज. २. सेकंडहँड रेकॉर्डर. ३. थंडी.

ट्रॅक दोन आणि तीन: खरखर. पाच: कोंबडी माइकच्या अगदी जवळ. सहा: देवसिंगच्या बायकोने बाहेर भांडी घासली ती. सुंदर आली आहेत.

४ डिसेंबर, संध्याकाळी

ट्रॅक चार ऐकला. निवेदनाचा. स्वच्छ. इतका स्वच्छ की प्रास्ताविकात मी श्वास घेतो तोही कळतो. प्रास्ताविकानंतर तो माइक चालूच होता, त्यामुळे पुढचे तीन तासही आहेत. लांबून, खोलीच्या पलीकडून, मानीबाई गातात. एकेक शब्द लागतो. आणि त्यावर, अगदी जवळून, मी.

प्रास्ताविक झाल्यावर मी मीटर चारवरून एकवर फिरवला नव्हता.

म्हणजे तीन तास मी माझ्याच माइकचा काटा बघत होतो, आणि तो हलेना म्हणून मानीबाईंचा नॉब फिरवत होतो.

यात स्विचच्या रचनेचा दोष आहे. टक्क राहू दिला असता तर फिरवला नाही हे लक्षात आलं असतं. अनिमेषने तो काढायला लावला.

५ डिसेंबर

रत्नप्रभाला सांगितलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "ऑपरेशनला अजून पाच दिवस आहेत. उठा. त्यांच्याकडे जा. परत गातील त्या. आणि त्या यवतमाळच्या माणसाला बोलवा." मी म्हटलं, यवतमाळच्या माणसाची गरज नाही, आता मला दोष कळला आहे, फक्त मीटर एकवर ठेवायचा. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी चप्पल घातली.

स्कूटरवर हिशोब करत गेलो. रविवारी सकाळी रेकॉर्डिंग. प्रास्ताविक लहान, दहा मिनिटं. हेडफोन अनिमेषच्या जुन्या कपाटात आहे, तो घ्यायचा. मनात सगळं नीट बसलं होतं.

देवसिंगच्या घराला कुलूप. शेजारच्या बाईने सांगितलं, नागपूरहून फोन आलता, बेड खाली झाला, परवाच घेऊन गेले. आज सकाळी ऑपरेशन होतं.

परवा म्हणजे तीन तारीख. एक तारखेला ऐकलं असतं तर मधे पूर्ण एक दिवस होता.

स्कूटर चालू व्हायला वेळ लागला. प्लगमध्ये कचरा असावा.

६ डिसेंबर

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ साधी होती. देवसिंगचा फोन आला होता, आनंदात होता. रेकॉर्डिंग कसं आलं म्हणून विचारलं. म्हटलं, तू आईकडे बघ.

११ डिसेंबर

मानीबाई घरी आल्या. आवाज नाही, नुसती कुजबुज. डॉक्टर म्हणतो सहा महिन्यांत येईल, कदाचित पूर्ण येणार नाही.

उज्ज्वलाला घरी बोलावून सांगितलं. सुरुवात व्होल्टेजपासून केली होती. रत्नप्रभा समोरच बसली होती, त्यामुळे स्विचपर्यंत यावं लागलं. उज्ज्वला ओरडली नाही. ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं, तयारी होती. तिने हेडफोन लावला आणि ट्रॅक चार ऐकत बसली. दोन तास. मधे डोळे पुसले. एकदा हसली. शेवटी हेडफोन काढून म्हणाली, "काका, तुम्ही किती बोलता."

ट्रॅक पेन ड्राइव्हवर दिला.

मुद्दा असा की गाणी वाचली आहेत. माझा माइक तिथे नसता तर काहीच उरलं नसतं. हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. मीच म्हटलं. दोघींनीही मान हलवली नाही.

२१ डिसेंबर, रविवार

उज्ज्वलाने चौदाही गाणी लिहून काढली. छापील कागद आणून दिले. टापटीप काम. जिथे ओळ ऐकू येत नाही तिथे कंसात लिहिलं आहे: नरहर काका बोलत आहेत. असे एक्केचाळीस कंस.

मी संपूर्ण ट्रॅक पुन्हा ऐकला, प्रत्येक कंस तपासला. एक्केचाळीस हा आकडा मला मान्य नाही. तीन ठिकाणी कोंबडी आहे. उज्ज्वलाला फोन केला. ती म्हणाली, काका, कोंबडी पाच नंबरवर होती, चारवर तुम्हीच आहात. पुन्हा ऐकलं. मीच आहे.

तिचा विचार आहे की पुढच्या रविवारी मी तांड्यावर यावं आणि गाळलेल्या ओळी दादीला विचारून घ्याव्यात. ती कुजबुजेल, तुम्ही जवळ बसा, मी लिहीन. मी म्हटलं, माझी काय गरज? तर म्हणाली, कुठे काय बोललात ते तुम्हालाच माहीत आहे.

काहीही उपकरण आणू नका, असंही म्हणाली. आणणारच नव्हतो.

२८ डिसेंबर, रविवार

गेलो. मानीबाई अंगणात उन्हात बसल्या होत्या, गळ्याला मऊ फडकं. बारीक झाल्या आहेत. मला बघून हसल्या. मी वाटेत माफीचं एक निवेदन तयार केलं होतं, ते सुरू केलं. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. माझ्या तोंडावर नाही, स्वतःच्या. तरी मला कळलं.

उज्ज्वलाने पहिल्या गाण्याची तिसरी ओळ विचारली. मानीबाई विचार करत राहिल्या. मग कुजबुजल्या. कान त्यांच्या तोंडाशी नेऊन ऐकावं लागलं. "बोलून नाही येत बाप्पा. गाता गाता येते. मागची आली का पुढची येते."

आणि गाता येत नाही.

देवसिंग उठून आत गेला. उज्ज्वलाने वही मिटली.

तेव्हा मी मागची ओळ म्हटली. का म्हटली माहीत नाही. कंस तपासायला मी तो ट्रॅक इतक्यांदा ऐकला आहे की चाल पाठ झाली. आवाज माझा गाण्याचा नाही, हे शाळेतच सांगण्यात आलं होतं. शब्दही त्या बोलीतले, मला जसे ऐकू आले तसे. अंगणाबाहेर दोन बाया थांबल्या. उज्ज्वलाने तोंडाला ओढणी लावली. मी म्हटलं त्याचा अर्थ काही भलताच होत होता. काय, ते ती सांगायला तयार नाही.

मानीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग माझा दंड धरून जवळ ओढलं आणि बरोबर ओळ कानात सांगितली, चिडून. आणि ती सांगता सांगता पुढची आली. तीच हरवलेली होती. उज्ज्वलाने वही उघडली.

दुपारपर्यंत तसंच. मी चुकीचं गायचं, त्यांनी सुधारायचं, पुढची ओळ निघायची. बाया वाढत गेल्या. भावाच्या गळ्यात पडायच्या गाण्याला तर एवढ्या हसल्या की देवसिंग बाहेर बघायला आला. एकदा मला योगायोगाने ओळ बरोबर म्हणता आली, तर मानीबाईंना पुढचं काहीच आठवेना. उज्ज्वला म्हणाली, "काका, चुका. चुकीचंच म्हणा." चुकलो. ओळ आली.

आईने शिकवलेल्या त्या शेवटच्या गाण्याला मात्र मी किती प्रकारे चुकलो तरी काही निघालं नाही. मानीबाईंनी डोळे मिटून घेतले, बराच वेळ. मग नाही अशी मान हलवली.

एक्केचाळीसपैकी सव्वीस ओळी मिळाल्या. पंधरा राहिल्या. घरी आल्यावर त्या पंधरा जागा पुन्हा लावून बघितल्या. माझं बोलणं अगदी स्वच्छ ऐकू येतं.